काचघरातला माड

धर्मा, विलायतेत त्या बाईच्या काचघरात माडाच्या मुळाशी कुजकी मासळी पुरली ती मी. तू नाही.

हे तुला ठाऊक आहे, गावाला ठाऊक आहे. रेवदंड्यातल्या बहुतेक ओट्यांवर बसून मी ही गोष्ट सांगितली आहे. लग्नात सांगितली, बारशाला सांगितली, लाँचची वाट बघताना धक्क्यावर सांगितली. एकदा तर एका मयताला गेलो होतो, लाकडं ओली होती, पेटायला वेळ लागत होता, तेव्हाही सांगितली. लोक म्हणायचे, "बटलर, ती मासळीची होऊन जाऊ दे." दर खेपेला मासळी वाढायची. पहिल्या वर्षी पिशवीभर होती, गेल्या शिमग्यापर्यंत पाटीभर झाली. तू भिंतीला टेकून विडी ओढत ऐकायचास. मी वाढवलेल्या पाटीबद्दल एक अक्षर काढायचा नाहीस.

पण त्याच रविवारी, त्याच बागेत, मासळीनंतर अर्ध्या तासानं मी आणखी एक गोष्ट केली. ती कुणाला सांगितली नाही. त्या म्हाताऱ्या हेडमाळ्यानं तुला नोकरी देऊ केली होती, धर्मा. झाडांची नोकरी. तुम्हां दोघांमधे दुभाष्या मी. मी ते तुला सांगितलंच नाही, आणि त्याला तुझ्या वतीनं 'नको' म्हणून सांगून टाकलं.

झालं. दहा वर्षं घशात अडकलेलं, चार ओळींत संपलं. काटा निघाल्यावर बरं वाटतं म्हणतात. काही बरं वाटत नाही. काल तुझं तेरावं झालं. मी जेवलो. भात दोनदा घेतला.

तू गेलास तो नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी. चौलच्या वाडीत, पावसानं बुळबुळीत झालेल्या माडावरून. सणाला नारळ लागतात, वाडीवाल्याला घाई, आणि अशा पावसात वर चढायला दुसरा कोणी तयार नाही. तू तयार. तू नेहमीच तयार. पौर्णिमेला कोळ्यांनी वाजतगाजत दर्याला नारळ वाहिले. त्यात तू पाडलेले किती होते कोण जाणे. मी खाडीच्या तोंडाशी उभा होतो. लोक मला म्हणाले, "बटलर, आज गप्प का?" मी म्हटलं, दात दुखतोय. बघ, अजून खोटं किती सहज येतं.

तुझ्यावर मी रागावलोय हेही सांगून टाकतो. या वयात, ओल्या माडावर, लोकांच्या नारळांसाठी! तुला अक्कल नव्हती असं मी सगळ्यांना सांगत सुटलोय. अक्कल नव्हती म्हटलं की माझ्याकडे कोणी बघत नाही.

तुमचं घर माडी काढणाऱ्यांचं. तुझा बाप, आजा, सगळे माडावर. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, कधी बांधायची, कुठं आणि किती पातळ कापायची, मडकं कधी उतरवायचं, हे तुला शिकवावं लागलं नाही. स्वातंत्र्य आलं तेव्हा तू मडक्यांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्यास, आठवतं? दोन-तीन वर्षांत दारूबंदी आली. फौजदार तुमच्या वाडीत आला, त्यानं मडकी फोडली. तू म्हणालास, "सायेब, मडकी फोडा, पन पोय नका तोडू. तिचा काय गुन्हा?" त्यानं पोयही तोडली. मग तू माझ्याकडे आलास. मी तेव्हा जहाजावर बटलर, म्हणजे पॅन्ट्रीत बशा धुणारा. पण गावात इस्त्रीची पँट घालून हिंडायचो. माझ्या वशिल्यानं तू खलाशी झालास. हा उपकार मी पुढं किती वर्षं बोलून दाखवला! माडावर जन्म काढलेल्या माणसाला मी लोखंडाच्या डेकवर रंग खरवडायला बसवलं आणि वर पेढे मागितले.

पहिल्याच सफरीत अरबी समुद्रात मी, चार वर्षं मुरलेला दर्यावर्दी, बादलीत तोंड घालून पडलो होतो. तू नवा. तू माझं डोकं दोन रात्री धरून बसलास आणि सारंगाला, आपल्या खलाशांच्या मुकादमाला, सांगितलंस की पोटात दुखतंय ते तुझ्याच, आणि मी तुझ्या उशाशी बसलोय, म्हणून दोघं कामाला येत नाही. माझी अब्रू राहावी म्हणून. ते तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. आपल्या दोघांत हा फरक होता. एक सोडून मला माहीत असलेली प्रत्येक गोष्ट मी सांगायचो, आणि तू नाही.

ती विलायतेची खेप. जहाज दुरुस्तीला गोदीत चढवलेलं, पाच-सहा आठवडे काम नाही. खलाशांच्या मिशनचा तो उंच पाद्री आला आणि म्हणाला, रविवारी तुम्हाला एका मोठ्या घराण्याची जुनी हवेली आणि तिची बाग दाखवायला नेतो, चहा-केक मिळेल. केकसाठी सगळे तयार. बसमध्ये मी पाद्र्याच्या शेजारी बसलो. तो जे सांगेल ते मराठीत सांगायचं काम मी आपणहून घेतलं. त्यानं अर्धं सांगितलं, अर्धं मी घातलं.

काय ती बाग! मैलभर हिरवळ, जणू कुणी इस्त्री फिरवली आहे. मधे तळं. तळ्यापलीकडे टेकडी, टेकडीवर झाडांचा झुबका, आणि झुबक्यातून डोकावणारे पडक्या देवळाचे खांब. सगळं असं सहज, की देवानं सकाळी उठून मांडलंय. पाद्री म्हणाला, यातलं काहीच सहज नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या मालकानं टेकडी मातीचे ढीग घालून केली, तळं खणून केलं, आणि ते पडकं देऊळ मुळातच पडकं बांधलं.

मी हे सांगितल्यावर तू थांबलास. "पडकं बांधलं? मुद्दाम?"

"मुद्दाम. शोभेसाठी."

"आपल्याकडं आख्खा कोट पडलाय," तू म्हणालास, "त्यात शेळ्या चरतात. तो बगायला कोन बस करून येत न्हाय."

खलाशी हसले. मला राग आला, कारण हशा तुला मिळाला. मी आणखी जोरात सांगू लागलो, लोकांकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत. आणि पडलो. त्या बागेत हिरवळीच्या कडेला एक खोल चर असतो, लपवलेला. पलीकडच्या गाई आत येऊ नयेत, पण घराच्या खिडकीतून बघणाऱ्याला कुंपण दिसू नये, म्हणून. मी कमरेइतक्या चरात, पाठीवर, इस्त्रीच्या पँटसकट. पलीकडे दोन गाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. तू वरून वाकलास. हात दिलास, पण ओढायच्या आधी म्हणालास, "गाईला कळतं रं, तुला कसं न्हाय?"

हे मी गावात सांगताना ते वाक्य माझ्याच तोंडी घालत असे. आज परत करतो. ते तुझं.

मग तळ्यापाशी पाद्र्यानं आणखी एक सांगितलं. तळं आहे तिथं पूर्वी गाव होतं. घरं, विहीर, सगळं. मालकाला दिवाणखान्याच्या खिडकीतून ती घरं दिसायची, म्हणून त्यानं गाव उठवलं आणि तिथं पाणी सोडलं. मी हे भराभर सांगून केकाकडे निघालो. तू मागून माझी बाही धरलीस.

"मंग ती लोकं कुटं गेली?"

"कोण लोकं?"

"गावातली. इचार त्याला."

मी विचारलं. पाद्री म्हणाला, त्याला माहीत नाही, कुठंतरी वसवली असतील. तू पाण्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "आपन पन कुनाच्या तरी खिडकीतनं दिसत आसू." मला तेव्हा कळलं नाही. फौजदार, मडकी, पोय, यातलं काहीच माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात केक होता. त्यात मनुका होत्या.

आणि मग काचघर. लोखंडी कमानींवर काच बसवलेलं, आपल्या जहाजाच्या गोदामाएवढं उंच. आत पाऊल टाकलं आणि वाफ तोंडावर आली. आठवडाभर कुडकुडलेले आपण सगळे एकदम सैल झालो. केळी होत्या, कर्दळ होती, अननस होते. आणि मधोमध माड. दोन पुरुष उंच, पिवळा, झावळ्या खाली पडलेल्या, शेंडा कोंदटलेला. त्याच्याभोवती छोटं कुंपण आणि पाटी: हात लावू नये. मी ती पाटी वाचून दाखवली. तोवर तू कुंपणाच्या आत होतास.

तू खोडावर हात ठेवलास. मला वाटलं, रडशील. तू शिव्या द्यायला लागलास. माडाला नाही, माडाला असं ठेवणाऱ्यांना. "शेंडा कंदी साफ केलाय का ह्याचा? मीठ कोन घालतो ह्याला? मीठ न्हाय, राख न्हाय, दर्या न्हाय. नुसतं पानी वततात मुळात! बग बग, कुजवलाय." आणि बूट काढलेस, मोजे काढलेस, मफलर पिळून पायांत अडकवलास आणि वर.

मी खालून ओरडत होतो, "उतर, लाज काढतोस!" गोऱ्या बायका गोळा झाल्या. एकीनं फोटो काढला. तू वर शेंड्यात हात घालून सुकलेल्या जाळ्या, काळं पडलेलं पान, पांढरी कीड, सगळं खाली टाकत होतास. एक जाळी माझ्या डोक्यावर पडली, मुद्दाम. तेवढ्यात हेडमाळी धावत आला. तांबड्या तोंडाचा, एका पायानं लंगडा म्हातारा. मला वाटलं, आता पोलीस. तो वर बघत उभा राहिला. मग त्यानं मला विचारलं, "याला हे येतं?"

मी म्हटलं, "याला दुसरं काहीच येत नाही." ही मी तुझी केलेली ओळख.

तू उतरलास, आणि तुम्ही दोघं बोलायला लागलात. तो इंग्रजीत, तू रेवदंड्याच्या भाषेत, मी मधे. पण खरं सांगू, मी नसतो तरी चाललं असतं. तू पान उलटं करून दाखवायचास, तो मान डोलवायचा. तो माती चिमटीत घेऊन वास घ्यायचा, तूही घ्यायचास. मी दोन वाक्यं मागे पडायचो. तुम्हाला मी लागत नव्हतो, आणि हे मला सोसलं नाही. त्यानं पुढच्या रविवारी यायला सांगितलं. तुला. मी गेलो तो तोंड म्हणून.

आठवडाभर तू वेगळाच माणूस झालास. जहाजाच्या चुलीतली राख चाळून ठेवलीस. स्वयंपाक्याकडून जाडं मीठ मागून घेतलंस. डेक खरवडताना शीळ घालत होतास. सारंग म्हणाला, "ह्याला काय झालं? पोरगी गावली काय?" मी म्हटलं, "पोरगी न्हाय, झाड गावलं." सगळे हसले, तूही. मग मला वाटलं, माडाचं मला काय कमी कळतं? आपल्याकडं माडाला मासळीचं खत घालतात, सुकं, मातीत मुरवून. हे अर्धवट ज्ञान. मी गोदीशेजारच्या मासळीबाजारातून ताजी डोकी-आतडी घेतली, पिशवीत बांधली आणि तीन दिवस बॉयलरच्या अंगाला ठेवली. मुरावी म्हणून.

बसमध्ये आपल्याभोवतीची बाकं रिकामी झाली. तू म्हणालास, "बटलर, तू काय आनलंस?" मी म्हटलं, "गंमत आहे." तू पिशवीत डोकावलास. "ह्ये घालू नगंस. बंद जागा हाय. मरतील लोकं." तू वर चढून बेचक्यांत राख-मीठ भरत होतास तेव्हा मी खाली हातभर खड्डा करून सगळी पुरली. तू सगळं माडासाठी करत होतास. मी ते, पुढं कुणी म्हणावं की बटलरनं माड वाचवला, म्हणून केलं.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मंगळवारपर्यंत वास हवेलीच्या दिवाणखान्यात पोचला. मालकीणबाईंना वाटलं, नळात काहीतरी मेलंय. फरश्या उखडल्या. मग मिशनला पत्र, पाद्र्याचं व्याख्यान, सगळ्या खलाशांच्या सहली बंद. हे मी पुष्कळ हावभाव करून सांगतो. लोक इथं टाळ्या देतात. टाळी पडली की मी थांबतो.

आज थांबत नाही.

मासळी पुरून मी हात धूत होतो. हेडमाळ्यानं आपल्याला त्याच्या खोलीत चहाला नेलं. शेगडी होती, खिडकीत रोपांच्या कुंड्या होत्या. तू हात पुसत बाकावर बसलास, टोकावर, जसा बापाच्या मालकासमोर बसायचास. म्हातारा माझ्याकडे वळला. तो म्हणाला, माझ्या हाताखाली सहा माणसं होती. दोन लढाईत मेली, बाकीची कारखान्यात गेली. काचघर मला एकट्याला होत नाही. या माणसाचा हात मी चाळीस वर्षांत बघितला नाही. त्याला विचार, राहतोस का? बाई जहाजाच्या कंपनीला रीतसर पत्र लिहितील. दोन वर्षं राहून बघ म्हणावं, आवडलं तर बायको-मुलांना आण म्हणावं. आणि त्यानं खिडकीतून बोट दाखवलं. काचघराला लागून एक विटांची बैठी खोली होती. ती या माणसाला राहायला, तो म्हणाला.

तू माझ्याकडे बघत होतास. तुझ्या नखांत राख होती. मी आजही हजारदा ते ऐकतो: त्याला विचार.

मी वाट बघितली, धर्मा. तो मलाही विचारील म्हणून. इंग्रजी मला येत होतं, काटे-चमचे कुठल्या बाजूला ठेवायचे हे मला येत होतं. त्यानं मला साखर घेतोस का एवढंच विचारलं.

मी तुला म्हटलं, "म्हणतोय, मेहनती आहेस. आभार मानतोय."

आणि त्याला म्हटलं, हा तुमचा फार ऋणी आहे, पण याची म्हातारी आई आहे, बायको आहे, घर सोडून हा राहणार नाही. काय सुरेख इंग्रजी! एक चूक नाही. आयुष्यात तेवढं सरळ वाक्य मी पुन्हा बोललो नाही.

तू म्हणालास, "येवढंच बोलला? लई वेळ बोलत होता."

"त्यांच्यात असंच असतं. आभाराला वेळ लागतो."

म्हाताऱ्यानं तुझा हात हातात घेतला आणि सोडेना. तुला वाटलं, आभार. त्याला वाटलं, निरोप. मला वाटलं, आता बस चुकेल.

नंतर मी स्वतःला खूप कारणं दिली. तुझी आई खरंच म्हातारी होती. थंडी तुला सोसली नसती. तिथलं जेवण तुला गिळवलं नसतं. सगळं खरं, आणि त्यातलं एकही माझ्या डोक्यात त्या वेळी नव्हतं. त्या वेळी एवढंच होतं की जहाजावर मी परत एकटा, आणि तू काचघराचा मालक. आणि माझ्या गोष्टी ऐकणार कोण?

परतीच्या वाटेवर, एडन सोडल्यावर, एका दुपारी आपण सावलीला बसलो होतो. तू मधेच म्हणालास, "त्यो म्हातारा त्या खोलीकडं बोट कशाला दावत होता?"

"कोळसा ठेवतात तिथं. शेगडीचा. थंडी किती म्हणून सांगत होता."

तू दोन झुरके घेतलेस. "कोळशाच्या खोलीला पडदे लावत्यात?"

मी उठलो. पॅन्ट्रीत काम आहे म्हणालो. तू परत कधी विचारलं नाहीस. दहा वर्षांत एकदाही नाही. तुला ठाऊक होतं का? मासळीची गोष्ट सांगताना मी चहाची खोली गाळून मंगळवारपाशी आलो की तू विडी विझवायचास. ती संपली म्हणून, की माझ्यासाठी? आता कुणाला विचारू? तू रागावला असतास तर भांडता आलं असतं. तू भांडलासही, पण कशावरून? माड जगला असेल की मेला, यावरून. तू म्हणायचास जगला. मी म्हणायचो, माझ्या मासळीनं मेला. वर्षानुवर्षं आपण त्यावर हमरीतुमरीवर यायचो. पुढं माझं जहाज एकदा परत त्याच बंदराला लागलं. तू तेव्हा समुद्र सोडून गावी आला होतास. मला बस ठाऊक होती. रविवार होता. मी गेलो नाही. तुला सांगितलं, सुट्टी मिळाली नाही. खरं हे की मी घाबरलो. माड हिरवागार असता तर?

आणि तू गावी येऊन केलंस काय? लोकांच्या माडावर चढलास. माडी बंद, स्वतःची वाडी विकलेली. तुझ्या हाताला झाडाशिवाय दुसरं काही नको होतं. तुझ्यासाठी एका परमुलखात काचेचं घर उघडं होतं, विटांची खोली होती, पडदे होते, आणि तू पावसात चौलच्या वाड्या फिरत होतास, "नारळ पाडायचेत का वो?" विचारत. आठवड्याला दोन शहाळी माझ्या पायरीवर ठेवून जायचास. हाक न मारता. ते पाणी पिताना माझ्या घशात काहीतरी अडकायला हवं होतं. अडकलं नाही. गोड लागायचं.

आज सकाळी मी तुझ्या घरी गेलो. म्हटलं, निदान वहिनीला तरी सांगावं. काल तेरावं झालं, आज ती पडवीत बसून विळीनं खराट्यासाठी झावळ्यांचे हीर काढत होती. मी बसलो आणि सांगायला लागलो. सवयीनं बसपासून सुरुवात केली, चरात पडलो तिथं हातवारे झाले. तिनं मान वर केली नाही. मग काचघर, मासळी, चहा. मग ते. सगळं. माझा आवाज कधी उतरला ते मलाच कळलं नाही. विळीचा आवाज मात्र चालू होता.

संपल्यावर ती म्हणाली, "उठा जरा."

मला वाटलं, घालवतेय. बरोबर आहे, म्हणून उठलो. तिनं माझ्या बुडाखालची झावळी ओढून घेतली आणि म्हणाली, "बसा."

बसलो. ती हीर सोलत राहिली. मग म्हणाली, "किती वर्सं झाली म्हनलात?"

"दहा होतील."

"गावात आसलात की रोज सांजच्याला हितं येऊन बसत होतात. ह्याच जाग्यावर. त्यो तिथं बसायचा."

"हो."

"मी चा आनून द्यायची."

"हो, वहिनी."

"त्याला जायचं होतं का नव्हतं, मला ठावं न्हाय. गेला आसता का न्हाय, ते पन ठावं न्हाय. इचारलं आसतंत तर कळलं आसतं." तिनं हिरांची जुडी बांधली, गाठ दातांनी आवळली. "आख्ख्या रेवदंड्याला गोष्टी सांगता, भावोजी. ज्याची गोष्ट होती त्याला सांगायला तेवढं तुमाला तोंड नव्हतं."